दाबून धरलेलं पेडल

पटलं तर घ्या, नाहीतर नका मानू. पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. आमच्या ताईच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. रविवार, दुपारचे अडीच. जागा, बाबा आणि काका मिळून चालवायचे ती गाड्या दुरुस्तीची शेड.

बाबा गेले ते शेडमधल्याच पिकअपमध्ये. समोरच्या उतारावर ब्रेक लागला नाही.

आदल्याच दिवशी काकांनी तिला ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर बसवला होता. हवा नीट काढली होती, असं ते सगळ्यांना शपथेवर सांगत. वर म्हणत, "दादाच्याच अंगात उतारावर वारं शिरायचं."

आईनेही ते खरं मानलं. वर्षभर तिने बाबांच्या फोटोशी अबोला धरला.

ताईला ते पटत नव्हतं. पण पुरावा कुठून आणायचा?

त्या रविवारी तीच पिकअप पुन्हा शेडमध्ये होती. पुन्हा नवा सिलिंडर, या वेळी ताईने बसवलेला. आता ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा काढायची होती; ती राहिली तर ब्रेक लागत नाही.

हे दोघांचं काम. एकाने सीटवर बसून पेडल तीनदा दाबायचं, चौथ्यांदा दाबून धरायचं आणि ओरडायचं, "धरलंय." मग चाकामागे झोपलेला दुसरा माणूस तिथला निपल, म्हणजे हवा सोडायचा बोल्ट, सैल करतो. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. निपल पुन्हा आवळला की तो म्हणतो, "सोड."

बाबांचा नियम कडक होता. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मग शेडला आग का लागेना.

ताई पाना घेऊन मागच्या चाकाशी आडवी झाली. "आलोच," काका म्हणाले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

एकदा... दोनदा... तीनदा...

मग स्टीअरिंगवर अंगठीची टकटक. दोनदा.

ताईचा हात थांबला.

काका अंगठी घालत नाहीत. बाबा घालायचे.

"धरलंय."

आवाज हळू होता. पण तिच्या जन्माच्या ओळखीचा.

सवयीने हात चालला. निपल सैल झाला. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे आले... आणि येतच राहिले. एका दाबात कधीच येत नाहीत इतके.

तिने निपल आवळला. 'सोड' अगदी ओठांवर आलं...

तेवढ्यात नळाचं पाणी ऐकू आलं. शेडच्या दारात काका हात धूत उभे होते.

ताई धडपडत उठली.

सीट रिकामी. पेडल मात्र तळाला टेकलेलं.

काकांनी ते हाताने ओढलं, वाकून दोन्ही हातांनी उचललं. केसभरही हललं नाही.

मग टकटक. दोनदा. त्यांच्या कानाशी.

काकांनी हात मागे घेतले. "दादा... नव्हती काढली रे हवा. म्हटलं, सकाळी काढू. तू विचारलंस, तेव्हा तोंडातून 'काढली' निघून गेलं."

ताईने त्यांना तसंच आईसमोर उभं केलं आणि सगळं पुन्हा बोलायला लावलं. आईने फोटोवरची धूळ हाताने पुसली.

खरं तर इथेच संपायला हवं होतं.

तेव्हापासून काका कुठल्याही गाडीत बसोत, ब्रेकचं पेडल आधीच तळाला गेलेलं असतं. ते उतरले आणि दुसरं कोणी बसलं, की गाडी ठणठणीत. आता ते सगळीकडे पायी जातात. दर रविवारी, अडीच वाजता, आमच्या पायरीवर येऊन बसतात.

"पोरी, एकदा म्हण ना. निपल तू आवळलास. तू म्हटल्याशिवाय तो पाय उचलायचा नाही."

ताई मानही वर करत नाही.

गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, आईला खरं कळलं, आता बास कर. म्हातारा माणूस उन्हातान्हात तंगडतोड करतोय.

ती पाना पुसत होती. पुसून झालेला पाना तिने पुन्हा पुसला.

"म्हणेन गं," ती म्हणाली. "पण मग बाबा जातील."

काल मी एकटीच शेडमध्ये गेले. ताई म्हणत नाही, तर आपण म्हणावं, असं ठरवून. पिकअप त्या दिवसापासून तशीच उभी होती. आत कोणी नाही. पेडल तळाला.

मी तोंड उघडलं...

टकटक. दोनदा.

माझ्याही तोंडून 'सोड' निघालं नाही.