ताईचा उजवा हात

“ताई, आधी तू,” असं म्हणत त्याने नव्याकोऱ्या टेबलावर हात थोपटला, आणि जमलेली सगळी माणसं कौतुकाने तिच्याकडे वळली... पण ताई जागची हलली नाही.

तिच्या धाकट्या भावाच्या स्वतःच्या दवाखान्याचा तो पहिला दिवस होता. कायरोप्रॅक्टर, म्हणजे नुसत्या हातांनी मान-पाठ जागेवर बसवणारा! हा शब्द निम्म्या नातेवाइकांना अजून धड उच्चारता येत नव्हता. मामा तर त्याला सरळ ‘हाडं मोडणारा’ म्हणत, आणि कंबर धरली की सगळ्यांच्या आधी त्याच्याच दारात येऊन उभे राहत. शिक्षण झालं, मग दुसऱ्यांच्या दवाखान्यांत पडेल ते काम करण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि आज कुठे दारावर त्याच्या नावाची पाटी लागली होती.

पाहुण्यांना त्याने नुकतीच आपली आवडती गोष्ट ऐकवली होती. जिवंत माणसाच्या मानेला हात लावायची परवानगी कॉलेजने अजून दिली नव्हती, तेव्हा या पठ्ठ्याने घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ताईला बसवलं, तिची मान वळवली, कड्‌ असा आवाज झाला आणि तिची डोकेदुखी पळाली. त्या एका आवाजाने आपल्याला घडवलं, असं तो नेहमी म्हणे. म्हणूनच नव्या टेबलावरचा पहिला मान तिचा होता.

“नको रे, मी चहाचं बघते,” असं पुटपुटून ती आतल्या खोलीत निघून गेली. बाहेर कुणीतरी हसण्यावारी नेलं, पण तिच्या पाठोपाठ आलेल्या धाकट्याचा चेहरा पार उतरला होता.

“सगळ्या जगाला माझे हात चालतात,” तो दार लोटून म्हणाला. “तुला तेवढे चालत नाहीत. इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्यासमोर पाठ टेकलीस का गं? बाबांचं दुकान बंद केलंस तेव्हाही असंच. धड कारण नाही की काही नाही. आमच्या कशाचंच तुला काही वाटत नाही का?”

ताईच्या अंतःकरणात कळ उठली. काय सांगणार होती ती? डोकेदुखी पळाली हे खरं, पण तिच्या जागी मानेपासून करंगळीपर्यंत विस्तवाची रेघ उतरली होती, हे? त्याच आठवड्यात तो प्रात्यक्षिकात नापास झाला होता, कॉलेज सोडायच्या गोष्टी करत होता. आई नव्हती, बाबा अंथरुणाला खिळलेले... आणि त्या कड्‌ आवाजानंतर त्या पोराच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता, की ती वेदना गिळून म्हणाली होती, “बरं वाटलं हो, डॉक्टर!” पुढे गुपचूप नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन तिने जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. बाबांच्या माघारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्याकडे आलं, पण नाजूक स्प्रिंगा चिमट्यातून निसटू लागल्या. लोकांच्या वस्तू बिघडवण्यापेक्षा, हल्ली घड्याळं वापरतंय कोण, असं म्हणून तिने कुलूप लावलं. तेव्हा धाकट्याने कित्येक महिने तिच्याशी अबोला धरला होता. तोही तिने सोसला. आपलेच दात, आपलेच ओठ! त्याला खरं कळलं तर त्याचे हात कायमचे थांबतील, एवढी एकच धास्ती तिला होती, आणि आज, या दिवशी तर ते कळून मुळीच चालणार नव्हतं.

तिथून सुटायचं म्हणून तिने घाईघाईने कपांचा ट्रे उचलला. डाव्या हाताने सावरायच्या आत उजवी बाजू खचली आणि सगळे कप फरशीवर फुटले.

कुठे कापलं तर नाही ना, म्हणून त्याने तिचा हात धरला. धरला भावाने, पण बोटं शिकलेली होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसून गेलं होतं. त्याने तो हात उजेडाकडे वळवला. मग हळूच म्हणाला, “माझी बोटं दाब.” तिने दाबली. शेवटची दोन बोटं नुसती टेकून राहिली. मानेतली नस दुखावलेले असे हात त्याने परक्यांचे कितीतरी तपासले होते. ताई हल्ली डावखुरी झाली म्हणून घरात मात्र तिला चिडवत आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“जिन्यावरून पडले होते,” ती घाईने म्हणाली.

“कधी?”

तिला खोटं जुळवता येईना. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. “स्वयंपाकघरातली ती खुर्ची,” तो म्हणाला.

“तुझे हात थांबले असते रे,” ती व्याकूळ होऊन म्हणाली. “तुला तेवढा एकच आधार होता.”

“थांबायलाच हवे होते, ताई.” त्याचा आवाज फाटला. “वर्षभर तरी थांबायला हवे होते. त्या दिवसाच्या भरवशावर मी किती माना वळवल्या... तुझं डोकं दुखायचं थांबलं, म्हणजे माझा हात बरोबर, असं समजून. पुढे शिकवणाऱ्यांनी ती सवय मोडली, म्हणून निभावलं. नाहीतर?”

हा विचार तिच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. आपण आयुष्यभर ज्याला त्याग म्हणून उराशी धरलं, त्यातून कुणाचा तरी घात झाला असता... “मग मी चुकलेच की रे,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांचे कोंडलेले अश्रू वाहू लागले.

“दोघंही चुकलो. पण आधी मी.” काचा पायाने बाजूला सारून त्याने तिला खुर्चीवर बसवलं. “आता हे पूर्ण बरं नाही व्हायचं. मी तुझ्या मानेला हात लावणार नाही, उद्या तुला नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाईन. त्यांच्यासमोर खरं मी सांगेन.”

आवाज ऐकून दारात आलेल्या बायकोला त्याने पाहुण्यांची माफी मागायला सांगितलं. मग त्यांना इतकी वर्षं ऐकवलेली ती गोष्ट खोटी होती, हे मी स्वतः बाहेर येऊन सांगतो, असंही म्हणाला. बायकोने दार ओढून घेतलं.

तो ताईसमोर बुटक्या स्टुलावर बसला, तिचा अधू हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि एखाद्या अनोळखी रुग्णाला विचारावं तसं विचारू लागला. कुठून सुरू होतं, कुठपर्यंत जातं, रात्री झोप लागते का.

“काही नाही रे, चालायचंच,” ती सवयीने म्हणाली.

तो हलला नाही. वाट बघत राहिला.

आई गेल्यापासून आपलं कुठे दुखतं हे जिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, तिने डोळे पुसले आणि करंगळीपासून सांगायला सुरुवात केली.