शून्य म्हणजे उतर

समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत गेलेल्या गॅसवाहिनीवर गवत आता बारा महिने हिरवंगार असे. नथू भोईरला ते नऊ वर्षांनंतरही अंगवळणी पडलं नव्हतं. त्याची अर्धी उमर पिवळं गवत शोधण्यात गेली होती. नळाला बारीक भेग पडली, की झिरपणारा मिथेन मातीतली हवा हुसकून लावी, मुळं गुदमरत आणि तेवढाच पट्टा कावीळ झाल्यासारखा दिसे. मिथेनला स्वतःचा वास नाही, तेव्हा लाइनवाल्यांची सगळी भिस्त डोळ्यांवर.

मग डॉ. चारुलता दामले यांचे जिवाणू आले. आकाशात पोचलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. तो तिथे पोचण्याआधीच खाऊन टाकायचा, एवढंच या जिवाणूंचं काम. नळाभोवतीच्या मातीत आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यांच्या भिंतींवर त्यांचा लेप दिला गेला. नावं ठेवण्यात लाइनवाल्यांचा हात कोण धरणार? त्यांनी त्यांना ‘खादाड’ म्हणून टाकलं. देशोदेशींच्या वाहिन्यांवर खादाड बसले आणि समुद्राची चढण मंदावली. दर उधाणाला फुटणारा नथूच्या गावचा बांध तीन वर्षं शाबूत होता. आतल्या खाऱ्या जमिनीत पुन्हा भात उभं राहिलं होतं.

चार वायू मोजणारी जुनी चार काट्यांची अवजड मीटरं गेली. नवं मीटर काडेपेटीएवढं. ते फक्त मिथेन मोजी, पण एक कणही सोडत नसे. खड्ड्यात उतरण्याआधी ते दोरीने खाली सोडायचं. उतरतानाही ते जवळ ठेवायचं आणि उतरणाऱ्याला वरच्याने विचारायचं, “किती?” खालच्याने सांगायचं, “शून्य.” शून्य म्हणजे उतर, हा धडा प्रत्येक नव्या माणसाला नथूच देई. आपल्या लेकीला, भानुमतीलाही त्यानेच दिला होता. ती हौसेने बापाच्या कामावर लागली होती.

त्या सकाळी बेचाळीस नंबरच्या खड्ड्याशी दोघं थांबली. खड्डा दोन पुरुष खोल. तळाशी एक बेडूक उताणा पडला होता.

“बाय, बेडूक मेलाय बघ.”

“गॅस असता तर मीटर बोंबललं नसतं का, बाबा? शून्य दाखवतंय.”

नथूचा बाप विहिरी खणायचा. बंद विहिरीत उतरण्याआधी तो कंदील सोडी. कंदील विझला, तर कोणी उतरत नसे. नथूला ते आठवलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. गॅसच्या खड्ड्यावर कंदील! तीस वर्षं तो लोकांच्या खिशातल्या काडेपेट्या काढून घेत आला होता.

भानू कमरेला दोर बांधून उतरली.

“किती?”

“शून्य, बाबा.”

“किती?”

या वेळी उत्तर आलं नाही. दमल्यासारखी ती भिंतीला टेकून खाली बसली. नथूने जिवाच्या आकांताने दोर ओढला, पण एकट्या म्हाताऱ्याला कितीसं बळ असणार? ती वर आली तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

तेराव्यानंतर डॉ. दामले घरी आल्या.

“मॅडम, मीटर खोटं बोललं का?”

“नाही, नथूभाऊ. मिथेन खरंच शून्य होता. खादाडांनी सगळा खाल्ला. पण खाताना त्यांना प्राणवायू लागतो, आपल्यासारखाच. आणि खाऊन झाल्यावर ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. मिथेन हलका, उडून जातो. हा जड, खड्ड्यात साचतो. त्या व्हॉल्व्हची गळती वाढली होती. जितकी गळती वाढली, तितके खादाड वाढले आणि तितकी खालची हवा संपली.”

“म्हणजे कंदील विझला असता?”

“विझला असता. आणि भडकाही उडाला नसता.” त्यांनी मान खाली घातली. “आम्हाला मिथेन संपवायचा होता, म्हणून आम्ही मिथेनच मोजला. चूक माझी आहे. चौकशीत तुमची साक्ष आहे. तुम्ही नको म्हणालात, तर खादाडांवर बंदी येईल; एकेका फवारणीत सगळीकडचे मरतील. मी आड येणार नाही.”

“आणि मग?”

“गॅस पुन्हा वर जाईल. समुद्र...”

दारातून बांध दिसत होता. भानूने लहानपणी डोक्यावर चिखलाची घमेली वाहिली होती त्याच्यावर. पलीकडे पाणी, अलीकडे सबंध गावाचं भात.

“राहू द्या त्यांना,” नथू म्हणाला. “पोर खाल्ली माझी. आता निदान काम तरी करू देत.” आणि परक्या बाईसमोर तो ढसाढसा रडला.

नव्या मीटरांना प्राणवायूचा काटा बसायला वर्ष लागणार होतं. तोवर नियम झाला: आधी मीटर, मग कंदील. पहिला कंदील नथूनेच बेचाळीस नंबरच्या खड्ड्यात सोडला. कठड्याभोवती गवत गुडघाभर माजलं होतं. ज्योत अर्ध्यावर लहान झाली, निळी पडली आणि गेली. काही भडकलं नाही.

सोबतच्या नव्या जोडीदाराने नोंदीसाठी रिवाजाप्रमाणे विचारलं, “किती, काका?”

नथूने मीटर वर ओढलं. त्यावर शून्य होतं. भानूचा शेवटचा तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

“एक,” तो म्हणाला.