हवेची भोकं

फोरमन म्हणजे पक्का काटेकोर माणूस. कारखाना सुटला तरी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारायची, आणि केसभर वाकडा कापलेला पत्रा दिसला की अजूनही त्यांचं डोकं फिरायचं. घराच्या मागच्या खोलीत व्हाइस, कानशी, ड्रिल, आणि अ‍ॅल्युमिनियम कापताना करवतीला लावायच्या रॉकेलचा कायमचा वास.

लेकाला घरी अँप्लिफायर बनवायचा नाद. पेट्या कापायच्या, भोकं पाडायची बापाने. भोक पाडलं की पत्र्याच्या पलीकडे धारदार कड उठते. जाड ड्रिलचं टोक हाताने गोल फिरवून ती कड घासून काढायचं काम लेकाकडे. "बाबा, तुम्ही भोक पाडून मोकळे, बोटं माझी कापतात!" असं कुरकुरायचा, पण एकही भोक सोडायचा नाही.

लेक गाडीखाली येऊन गेला तेव्हा शेवटच्या अँप्लिफायरची पेटी तेवढी राहिली होती. त्याच्या आईने अंथरूण धरलं. दोन घाससुद्धा पोटात जाईनात. लेकाच्या हातचा आवाज कानावर पडला तर ही उठेल, एवढ्या एकाच आशेवर फोरमननी पत्रा कापायला घेतला.

पेटी जुळली त्या दिवशी बायको भिंत धरत धरत मागच्या खोलीत आली. झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, ही कोमट लागतेय."

"आत्ताच घासलीय. होईल गार."

झाली नाही. दुसऱ्या दिवशीही तशीच. वायर जोडलेली नाही, त्या कोपऱ्यात ऊन येत नाही, तरी ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाइतकी ऊब. फोरमननी आतलं सगळं सर्किट उपसून काढलं. रिकामी पेटीही कोमटच राहिली.

बायको मात्र उठून बसली. पेटी मांडीवर घेऊन जेवायला लागली. एकदा तर "आणखी थोडं वाढा" म्हणाली, आणि फोरमन स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. पण त्यांच्या जिवाला चैन पडेना. पेटी गरम म्हणजे बिघाड, हे आयुष्यभर हाडात मुरलेलं.

"झाकणाला हवेची भोकं राहिलीत. तेवढी पाडून टाकतो."

"नका हो. आहे तशी राहू दे ना."

"अगं, गरम पेटी अशी बंद ठेवतं का कोणी?"

ती कितीतरी दिवसांनी आपणहून अंघोळीला गेली. तेवढ्यात त्यांनी पत्रा थरथरू नये म्हणून झाकण पेटीवर स्क्रूने घट्ट आवळलं आणि ड्रिल लावलं.

पहिलं भोक आरपार गेलं. मनगटाला कोमट हवा लागली, आणि आत काहीतरी करकरलं. कीस पडला असेल. त्यांनी दुसरं पाडलं. पुन्हा करकर. प्रत्येक भोकामागे तसाच आवाज. हळूहळू तो मागे पडायला लागला, कोणाची तरी दमछाक व्हावी तसा.

फोरमननी हात थांबवला नाही.

शेवटच्या ओळीला आवाज आलाच नाही. गेला बिघाड, असं म्हणत त्यांनी झाकणावर हात ठेवला. पत्रा गार पडला होता.

"काय केलंत हे?"

ती ओल्या केसांनी दारात उभी होती. जवळ आली, दोन्ही हात पेटीवर ठेवले, काढून घेतले. रडली नाही. जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

फोरमननी तळव्यांनी भोकं दाबून धरली. बराच वेळ.

मग त्यांनी स्क्रू काढले. आवळले होते तसेच घट्ट होते. झाकण उलटं करून त्यांनी आतल्या बाजूने बोट फिरवलं. पहिली ओळ गुळगुळीत. दुसरीही. दोन्हींत एकाही भोकाला कड नव्हती.

तिसऱ्या ओळीतलं एक भोक निम्मंच घासलेलं होतं. त्यापुढची सगळी बोट कापणारी.