कललेला ओळंबा

जुन्या पिनबॉल मशीनचे सर्किट बोर्ड तो हुबेहूब नव्याने बनवायचा. मूळ बोर्डावरचे सगळे भाग उतरवायचे, खालच्या तांब्याच्या रेषा स्कॅन करून गिरवायच्या आणि तसेच नवे बोर्ड छापून घ्यायचे. काम किचकट, पण हात बसलेला. मागणी इतकी, की बायको म्हणायची, "घरात माणसांपेक्षा पार्सलंच जास्त झालीत."

हे सगळे बोर्ड ज्या एका बोर्डावरून निघाले तो मात्र त्याचा नव्हता. दादाचा होता. दादाने गेम पार्लर बंद करताना एक मशीन घरी आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. संध्याकाळी दादा आणि वहिनी त्यावर खेळत आणि कडकडून भांडत. दादा गेला, मग कधीतरी मशीनही बंद पडलं. वहिनींनी विश्वासाने धाकट्या दिराला बोलावलं. नुसता फ्यूज उडाला होता. पण इतका धडधाकट जुना बोर्ड त्याने बाजारात कुठेच पाहिला नव्हता. "बोर्ड कामातून गेलाय," असं सांगून त्याने तो पिशवीत घातला.

"मिळाला का हो दुसरा?" वहिनी अधूनमधून फोनवर विचारत.

"शोधतोय," तो म्हणे. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस येई. मग तो पुढचं पार्सल बांधायला घेई.

एकदा एका शौकीन डॉक्टरांकडे त्याने नवा बोर्ड बसवला. मशीन झकास सुरू झालं. डॉक्टर लहान पोरासारखे खेळायला लागले. आपलंच काम डोळे भरून बघावं म्हणून तो जवळ सरकला, आणि 'टिल्ट'चा लाल दिवा लागला. चेंडू टोलवणारे फ्लिपर लुळे पडले. खेळणाऱ्याने लबाडीने मशीन हलवलं की हा दिवा लागतो आणि तो डाव बुडतो.

"अहो, मी कुठे हलवलं?" डॉक्टर म्हणाले.

"मीही नाही," तो म्हणाला. कारण नसताना त्याचे कान तापले.

तो मागे सरला की मशीन चाले. जवळ आला की लाल दिवा. डॉक्टर हसत सुटले. "तुमच्यावरच राग दिसतोय!"

पुढच्या गिऱ्हाइकाकडेही तेच झालं. तिथे त्याने मशीन उघडलं. आत एका धातूच्या कड्याच्या मधोमध छोटा ओळंबा लोंबत असतो. मशीन हललं की तो कड्याला टेकतो आणि टिल्ट होतो. आता मशीन स्थिर होतं. ओळंबाही हलत नव्हता. नुसता कललेला होता, तो स्वतः उभा होता त्या बाजूला, कड्याला टेकून.

तो मशीनला वळसा घालून पलीकडे गेला.

ओळंबा सावकाश फिरला आणि पलीकडे टेकला.

गिऱ्हाइकाला काहीतरी थाप मारून त्याने तिथून काढता पाय घेतला.

दादाच्या बोर्डावर सगळे भाग परत जोडून तो वहिनींकडे गेला. खरं सांगून टाकायचं, त्या काय बोलतील ते मान खाली घालून ऐकायचं, असं त्याने वाटभर घोकलं होतं. बोर्ड बसवला, फ्यूज घातला. मशीनचे दिवे लागले तसे वहिनींचे डोळे भरून आले.

"कुठून मिळवलात हो, भावजी?"

त्याने तोंड उघडलं. "फार लांबून मागवला, वहिनी."

लाल दिवा लागला.

शरमेने त्याला मान वर करवेना. वहिनी दिव्याकडे बघत होत्या.

"मी खेळताना लबाडी केली ना," त्या म्हणाल्या, "की हे बोलायचे नाहीत. नुसते बघत राहायचे माझ्याकडे." मग त्यांनी डोळे पुसले. "चला, चहा घेऊ."

स्वयंपाकघरात टेबलाच्या वर वायरीने टांगलेला बल्ब होता. तो खुर्चीत बसला. वहिनींनी कप ठेवले आणि त्यांची नजर वर गेली. खिडकी बंद होती.

बल्ब त्याच्या बाजूला तिरका लोंबत होता.

त्याने खुर्ची भिंतीपर्यंत मागे घेतली.

वहिनींनी एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "जरा इकडच्या खुर्चीत बसून बघता?"