हाक मारणाऱ्याची जागा

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सकाळी सहाला म्हशी येऊन उभ्या राहतात आणि गिऱ्हाईक पेला घेऊन समोर बसतं. धार थेट पेल्यात. वर फेस, खाली कोमट दूध, मधे काही घालायला कुणाला जागाच नाही. म्हणून कोल्हापूरकर ह्या कट्ट्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो. एरवी तो सख्ख्या भावावरही टाकत नाही, ती गोष्ट वेगळी.

कट्ट्यावर धार काढणारी बाई एकटी निशिगंधाच. आबांचे, म्हणजे तिच्या वडलांचे गुडघे गेले आणि सकाळची धार तिच्या गळ्यात आली. आबा नुसते शेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे. धार उरकून, डबा भरून ती साडेनवाला राजारामपुरीतल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची. दिवसभर लोकांचं रक्त मशीनला लावणारी बाई ती. नजर, उतारा, अंगारा असलं काही निघालं की तिचं डोकं फिरायचं. "मशीन काय म्हणतंय तेवढं सांगा," असं ती घरातसुद्धा म्हणायची.

म्हैस मात्र तिची नव्हती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदणी अमरसिंहाची, धाकट्या भावाची. रेडकू होती तेव्हापासून त्यानं वाढवलेली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, मालक फटफटीवर पुढं आणि म्हैस बिनदाव्याची मागं. हजार माणसांची गर्दी फोडून ती मालकाच्या हाकेवर आली पाहिजे, तर मालक खरा. ही शिकवण आबांनी अमरला दिली होती, आणि त्यात नियम एकच.

"हाक मारली की जागा सोडायची न्हाय. ती येस्तोवर हितंच हुबं ऱ्हायचं. तू एकदा हललास की तिचा इस्वास संपला."

पोरानं तो नियम असा पाळला की बघणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. एका महापुरात चांदणी पंचगंगेच्या पलीकडं अडकली. अमर छातीभर पाण्यात उभा राहून हाका मारत होता. काठावरनं सगळी गल्ली शिव्या घालत होती, बाहेर ये, मरशील. पठ्ठ्या हलला नाही. पाणी गळ्याला लागलं तरी हलला नाही. आणि चांदणी आली पोहत, नुसतं नाक आणि शिंगं वर काढून. त्या दिवशी आबा लोकांदेखत रडले होते.

तोच अमर पुढं जहाजावर लागला. तेलाच्या टँकरवर, इंजिनकडं. सहा-सात महिने समुद्रात, मग दोन महिने घरी, म्हशीपाशी.

यंदा आखातात दोन देशांचं एका सामुद्रधुनीवरनं फाटलं. हा म्हणतो पाणी आमचं, तो म्हणतो आमचं. दोघांनी आपापली लढाऊ जहाजं आणून उभी केली आणि जाणारायेणारा अडवायला सुरुवात केली. कट्ट्यावर ह्या विषयाला भलताच रंग चढला.

"पाण्यावर रेघ कशी मारत्यात रं ही?" धैर्यशील वस्ताद पेला वर करून विचारायचे. तालमीतला म्हातारा पैलवान, रोज लिटरभर दूध पिणारा. "आमच्यात बांधावरनं डोकी फुटत्यात. पर बांध दिसतो तरी!"

सगळे हसायचे. आबा हसायचे नाहीत, कारण अमरचं जहाज त्याच पाण्यात होतं.

त्याचा शेवटचा फोन मंगळवारी आला. आवाज तुटत होता.

"आबा, दोनीकडनं वायरलेस येतोय. एक म्हणतोय फुडं येऊ नको, दुसरा म्हणतोय मागं फिरू नको. कॅप्टननं इंजिन बंद केलंय."

"मग तुमी काय करणार?"

"काय करणार? हाय तितंच हुबं ऱ्हायचं." तो हसला. "ते तर तुमीच शिकवलंय की. चांदणी बरी हाय न्हवं?"

त्यानंतर फोन लागला नाही. जहाजाच्या कंपनीचं एकच उत्तर, सगळे सुखरूप आहेत, काळजी करू नका. असं कुणी सांगून काळजी थांबते होय? आबांचं जेवण तुटलं. निशिगंधा दर तासाला फोन लावायची आणि 'संपर्क होऊ शकत नाही' म्हणणाऱ्या बाईचा तोच आवाज ऐकून ठेवून द्यायची.

अकराव्या दिवशी सकाळी वस्तादांनी घोट घेतला आणि बाजूला थुंकले.

"निशा, दूध खारट लागतंय ग."

"वस्ताद, तोंडातली तंबाखू काढा आधी."

"आईशप्पत! तू पिऊन बघ की."

तिनं नवी धार काढून चाखली. खारट होतं. आणि ती धार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघाली होती, त्यामुळं कुणी काही बोलूही शकलं नाही. कास सुजली की दूध खारट होतं, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर बोलावले. त्यांनी चारही सडांचं दूध तपासलं, कास दाबून बघितली आणि डोकं खाजवलं. "कास एकदम चांगली हाय. पाण्याचं बघा." पण पाणी तेच, पेंड तीच, आणि शेजारी बांधलेल्या दुसऱ्या म्हशीचं दूध साखरेसारखं.

दुसऱ्या दिवशी ती बाटलीभर दूध लॅबमध्ये घेऊन गेली. रक्तातलं मीठ मोजायच्या मशीनला लावलं, तर मशीन म्हणालं, मर्यादेच्या बाहेर. दहापट पातळ करून लावलं तेव्हा आकडा आला. म्हशीच्या दुधात असतं त्याच्या आठपट. तिनं मशीन धुतलं, पुन्हा लावलं. तोच आकडा. त्या दिवशी तिनं तीन पेशंटांचे रिपोर्ट दोन-दोनदा तपासले, कारण आता तिचा स्वतःच्या हातावरच भरवसा राहिला नव्हता.

मग तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कट्ट्यावर सगळ्या म्हशी रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहतात. चांदणी फिरून उभी राहायला लागली होती, पश्चिमेला. दोन्ही कान पुढं. तोंडातली वैरण तशीच. चार-पाच मिनिटं गेली की ती घशातनं एक बारीक हुंकार काढायची. हा हुंकार निशिगंधाच्या ओळखीचा होता. अमरनं हाक मारली की चांदणी निघायच्या आधी तसाच द्यायची. दुसऱ्या कुणाला तिनं तो कधी दिला नव्हता.

"हाक ऐकतीया ती," आबा म्हणाले.

"आबा, कायतरी बोलू नका. गाभण न्हाय, माजावर आलीया. उद्या डॉक्टरांना परत बोलावते."

तिला स्वतःला मात्र त्या हुंकाराची भीती वाटली होती, आणि ती का वाटली ह्याचा राग येत होता.

पुढच्या शनिवारी सकाळी वीसएक गिऱ्हाइकं बसली होती. सहा चाळीसला चांदणीनं मान वर केली आणि दावं तोडलं. नवं, सुंभाचं दावं. बादली उडाली, दूध रस्त्यावर गेलं. चौघांनी मिळून तिला धरली. निशिगंधानं कट्ट्यामागच्या आपल्या दुकानातली लोखंडी साखळी आणून तिच्या गळ्यात घातली आणि विजेच्या खांबाला अडकवली.

"सोड तिला," आबा म्हणाले.

"येड लागलंय काय तुमाला? फुडं रस्ता हाय. ट्रकखाली गेली म्हंजे? अमरला काय सांगू मी?"

"निशा, सोड. त्यो बोलवतोय."

"आबा, बसा खाली!"

ती बापावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा.

चांदणी ओढत राहिली. साखळी मानेत रुतली, रक्त आलं. हुंकार आता थांबत नव्हते, एकामागून एक येत होते.

आबा साखळीच्या आकड्याला हात घालायला गेले. निशिगंधानं त्यांचा हात धरला.

लांब कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. वस्तादांनी पेला खाली ठेवला.

सात वीसला चांदणी थांबली.

एकदम थांबली. मान खाली घातली आणि बसली.

आबांनी आपला हात सोडवून घेतला.

संध्याकाळची धार गोड होती. वस्ताद दोन पेले प्याले.

रविवारी बातम्यांत टँकर दिसला, अर्धा काळा, एका अंगावर कललेला. दोन्ही देशांनी सांगितलं, आम्ही नाही मारला. दोन्ही देशांनी हेही सांगितलं, की जहाज आमच्याच पाण्यात होतं. कंपनीच्या माणसानं फोनवर फार हळू आवाजात सांगितलं, तेवीसपैकी बावीस मिळाले.

दहा दिवसांनी एक फोन आला. दाभोळचा अय्युब, अमरच्या बरोबर इंजिनवर काम करणारा.

"ताई, तो पाण्यात पडला तेव्हा धडधाकट होता. अंगात जॅकेट होतं. आमची बोट पन्नास हातांवर होती. आम्ही सगळे ओरडत होतो, अमर, पोहत ये. तो येईना."

"का?"

"तो कुणाला तरी हाका मारत होता. मला म्हणाला, ती निघालीय, आता जागा सोडता येणार नाही. वारा होता ताई, बोट मागं मागं जात होती. तेल पेटत आमच्याकडं यायला लागलं. शेवटी धुरात तो दिसेनासा झाला. चाळीसेक मिनिटं आवाज येत होता."

"किती वाजले होते?"

"आमच्याकडं पाच दहा. उजाडत होतं."

निशिगंधानं आपल्याकडच्या वेळेसाठी दीड तास मिळवला. मशीन लागलं नाही. फोन ठेवल्यावर ती गोठ्यात गेली, चांदणीच्या मानेवरच्या जखमेला हळद लावत बसली आणि मोठ्यानं रडली. अय्युब काय म्हणाला ते तिनं आबांना सांगितलं नाही. आबांनी विचारलंही नाही.

आता महिना झाला. चांदणी सगळ्यांसारखी रस्त्याकडं तोंड करून उभी राहते, दूध देते, वैरण खाते. साखळी निशिगंधानं दुकानातच खिळ्याला टांगून ठेवलीय. ती पुन्हा कुणाच्या गळ्यात घालायची नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलंय.

आज सकाळी धार काढताना तिला आबांचा आवाज ऐकू आला. "व्हय," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "व्हय की."

"कुणाशी बोलताय आबा?"

तिनं वळून बघितलं. आबा स्टुलावरनं उठले होते. गुडघ्यांची तक्रार नाही, काठी नाही. मान किंचित तिरकी करून ते पश्चिमेकडं बघत होते. पायातल्या वहाणा काढून त्यांनी कट्ट्याला नीट लावून ठेवल्या होत्या.

निशिगंधा पळत दुकानात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साखळी होती, आणि ती कुणाच्या गळ्यात घालायला निघालोय हे ध्यानात येताच ती तिथंच थबकली.

चांदणीनं एक हुंकार दिला, अंग बाजूला घेतलं आणि आबांना वाट करून दिली.