गाजरगवताचा हार

"मूठभर कणीक मिळेल का?"

देवकानं मान वर केली. भर दुपारची वेळ. विहिरीचं पाणी पाटानं मोगऱ्याच्या वाफ्यात वळवत ती चिखलात पाय रोवून उभी होती. बांधावर एक उंच तरुण… खांद्यावर उपरणं, चपला धुळीनं पांढऱ्याफटक. भीक मागणारा तर दिसत नव्हता; भीक मागणारे इतकं लाजत नाहीत.

"नुसती कणीक कशाले? थांबा, भाकर देते. संगं कांदा हाये."

"भाकर नको. कणीकच पाहिजे. भिजवलेली असली तर फारच बरं."

"कच्ची खाता का काय, बापा!"

तो हसला. हसला तसा चेहराच बदलला त्याचा, देवळात समई लागावी तसा. "मी नाही खात. तो खातो." त्यानं मागं बोट केलं. कडुनिंबाच्या सावलीत गवसणी घातलेला मृदंग निजला होता. "डाव्या अंगाला कणीक चोपडल्याशिवाय बोलतच नाही. महाराजांची जीप गेली देवळाकडं, मी म्हटलं, पहिलं घर दिसेल तिथं मागून घ्यावी."

देवका कानापर्यंत लाल झाली. आत जाऊन तिनं कणीक भिजवली, केळीच्या पानावर ठेवून आणून दिली. गोळा जरा मोठाच झाला होता… मुद्दाम नव्हे हो, घाईत.

ही गोष्ट फैजपूरजवळच्या एका गावची. गावात टीव्ही एक-दोन घरी, तेव्हाची. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत तिथं सप्ताह बसे. दिवेलागणीला कीर्तन सुरू झालं की अख्खं गाव देवळापुढच्या मांडवात. त्या साली तोताराम महाराज आले होते, आणि त्यांच्यासोबत हा मृदंगी, वाल्मीक. घराणं मूळचं भालोदचं, देवकाच्याच जातकुळीतलं. पण वडिलांनी पिंपळनेरला सायकलचं दुकान टाकलं नि पोरगा तिकडेच वाढला. खुशीत आला की तोंडात अहिराणी यायची.

देवका ही यादवनानांची मुलगी. नानांची चहूकडे केळी. मधोमध, विहिरीमागं, फुलांचा एक तुकडा… मोगरा, गुलछडी, कण्हेर, कुंपणावर मधुमालती. शाळा सुटली तशी देवकानं तो हातानं फुलवला होता. देवळाचे हार तिथूनच जायचे, म्हणून नानांनी त्याला हात लावला नव्हता. पण ते बजावून होते, "देवाच्या नावानं सोडेल हाये तुकडा. तू सासरी गेली का तिथं केळीची खोडं लावतो."

आणि म्हणूनच देवकाला कुठलं स्थळ पसंत पडत नव्हतं. एकाचं नाक लांब, एकाचं गाव लांब. खरं कारण घरात फक्त आत्याला, आक्काबाईला, ठाऊक होतं. ती कपाळावर हात मारायची, "लोकाच्या पोरी सोन्यासाठी अडतात, आमची मोगऱ्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर पुन्हा तीच सावली.

"काल दिली नं कणीक?"

"रोज ताजी लागते. शिळी लावली की सूर बसतो."

"गावात बाकी कोणाच्या घरी गहू नाहीत वाटते?"

"आहेत ना…" तो वाफ्याकडे बघत म्हणाला, "पण मृदंगाला इथलीच आवडनी शे. मी काय करू?"

तिसऱ्या दिवशी आक्काबाई ओसरीवरूनच ओरडली, "अवं देवके, त्या मृदंगाच्या पोटात जंत झाले का काय! इतकी कणीक तं आपला बैल खात नाही!"

वाल्मीक हसत सुटला. देवकानं तोंडाला पदर लावला. पण कणीक भिजवायला ती त्याची वाट पाहत थांबत नव्हती. तो यायच्या आधीच गोळा तयार असायचा.

बोलणं तरी कसलं? फुलांचंच. मोगऱ्याची कळी दुपारीच खुडायची, सांजेला ती हारातच उमलली पाहिजे. नाल्याकडून बेशरमीची झुडपं सरकत येतात, बांधावर घाणेरी माजते, अन् पाटाच्या पाण्यासोबत आलेलं हे गाजरगवत तर मेलं दर पंधरवड्याला नव्यानं उगवतं.

"दिसायला किती नाजूक आहे पण," तो म्हणाला.

"नाजूक? वाफा गिळून टाकते ते."

"माणसंही असतात तशी. कणीक मागायला येतात आणि…"

"आणि काय?"

"…आणि जात नाहीत."

देवकाच्या हातातली खुरपी थांबली. वारा पडला होता. मधुमालतीखाली एक बुलबुल उगाच मोठ्यानं बोलत होता. त्या दिवशी खुडलेल्या कळ्यांची टोपली उन्हात तशीच राहिली, आणि तो गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. खानदेशी चैत्राचं ऊन ते! कळ्या कोमेजून तांबूस पडल्या होत्या.

आता महाराजांचा हार कशाचा करायचा? कण्हेर होती, तांबडी. मध्ये पांढरं काही पाहिजे. गुलछडी पालखीला गेलेली. तिला भुसावळचं एक लग्न आठवलं. तिथल्या गुच्छांत लाल गुलाबांच्या मधून चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुलं भरलेली होती. वाफ्यात उगवतं तेच हे गवत, तिनं ओळखलं होतं. तिथं चाललं, इथं का नाही? गवत वाईट असेल, फुलानं काय पाप केलंय? तिनं भराभर गाजरगवताचे तुरे खुडले. हार असा देखणा झाला की आक्काबाईसुद्धा म्हणाली, "द्रिष्ट लागीन वं!"

सांजेला मांडव भरला. महाराजांच्या गळ्यात हार पडला. अभंगाचं पहिलं चरण गोड झालं. दुसऱ्या चरणावर महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला आणि…

"आक्‌ छी!"

टाळकरी दचकले. महाराजांनी नाक पुसलं, पुन्हा चरण धरलं, आणि पुन्हा एक शिंक. मागोमाग आणखी. पोरं फिदीफिदी करू लागली. देवका बायकांत बसली होती. तेवढ्यात तिच्या कानी आलं ते वेगळंच. महाराजांचा चेहरा वाकडा होऊ लागला की वाल्मीक डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा आणि नेमक्या शिंकेवर मृदंगाची अशी कडकडीत थाप द्यायचा की शिंक समेवर येऊन पडायची. जणू काही ती चालीतच होती! टाळ उसळले, लोक डोलू लागले. शिंकत शिंकत का होईना, कीर्तन पार पडलं.

पण बायकांत पुढंच बसलेल्या द्रौपदाबाईची नजर घारीची. आरतीला वाकली, हार पाहिला आणि ओरडली, "माय वं! हे तं गाजरगवत! महाराजाच्या गयात गवत घातलं व कोनी!"

यादवनानांनी मान खाली घातली. घरी ओसरीवर टेकल्यावर एवढंच म्हणाले, "उद्यापासून हार भुसावळहून येतीन. रामनवमी झाली का तुकडा नांगरतो. देवाच्या कामाचा राह्यला नाही तो."

सकाळी वाल्मीक बांधावर आला. आज त्यानं कणीक मागितली नाही.

"मी सांगतो महाराजांना, ते तुरे मी खोवले म्हणून. परका माणूस मी. दोन शिव्या खाईन आणि जाईन. तुमची बाग तरी राहील."

देवकानं त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मनाला मोह झाला. एक शब्द न बोलता बाग वाचत होती. पण डोळ्यांपुढं तो मांडव आला, आणि उद्या सगळ्यांनी या हसऱ्या माणसाकडं वाकड्या नजरेनं बघायचं…

"तुम्ही काल शिंका झाकल्या, पुष्कळ झालं," ती म्हणाली. "हे मी झाकणार नाही."

ती तशीच देवळात गेली, मागोमाग वाल्मीकही. महाराज तुळशीचा काढा घेत बसले होते, नाक लालेलाल. भोवती गावची चार जाणती माणसं, त्यांत नानाही. देवकानं पायरीवर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. कळ्या उन्हात कशा राहिल्या, तुरे का खुडले. फक्त कळ्या कोणाशी बोलताना राहिल्या ते सांगितलं नाही.

महाराजांनी काढ्याची वाटी खाली ठेवली.

"बाई, माझ्या कीर्तनात लोक आजवर नुसत्या जांभया देत आले. काल मी शिंकलो, तर पहिल्यांदाच सगळा मांडव जागा राहिला म्हणायचा!" मंडळी हसली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "चूक केली ते केली, पण सांगायला चालत आलीस. रामजन्माचा हार हिच्याच बागेतला पाहिजे मला, यादवनाना. मात्र बाई, तू ते गवत आधी मुळासकट काढ. आणि वाल्मीका, तूही जा मदतीला."

"मी, महाराज?"

"शिंका कोण झाकत होतं ते मला ऐकू येत होतं, बाबा. शिंकत होतो, बहिरा नव्हतो!"

मग दोघांनी हाताला चिंध्या गुंडाळून गवत उपटलं. देवका सांगत होती, "फुलावर आलं का उशीर झाला. कवळं असतानाच काढा, बी पडू देऊ नका." आणि तो एकेक रोप मुळासकट ओढून ढीग लावत होता. चिंध्या मनगटापर्यंतच पुरल्या. वरचे हात उघडेच राहिले. संध्याकाळपर्यंत त्याच्या कोपरापर्यंत लाल पुरळ. देवकानं कडुनिंबाचा पाला वाटून आणला.

"लावा."

"तुम्ही लावा ना. माझे हात भरलेले आहेत."

"मृदंगाले लावता, तसा सोताले नाही लावता येत?"

"मृदंगाला खाजत नाही हो!"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. आक्काबाई ओसरीवर होती, पण तिनं बरोबर त्याच वेळी भिंतीकडे तोंड करून गहू निवडायला घेतले होते. देवकानं बोटांच्या टोकांनी लेप लावला… हळू, अगदी हळू. विहिरीवर पाणी पाटात पडत राहिलं.

रामनवमीला भर दुपारी पाळणा हलला. महाराजांच्या गळ्यात निव्वळ मोगऱ्याचा हार होता आणि मांडवभर तोच वास. वाल्मीक खाजऱ्या हातांनी असा वाजवत होता, की लोक टाळ विसरून त्याच्याकडंच बघत होते. नाना घरी येताना बागेपाशी थांबले. स्वच्छ वाफे पाहिले. "राहू दे तुकडा," ते म्हणाले. "तू इथं हाये तवर राहू दे."

तू इथं हाये तवर. देवका हसली खरी, पण ते हसू पुरं उमललं नाही.

जेवणावळी उठल्या. महाराजांची जीप निघायची होती. वाल्मीक बागेत आला, मृदंग खांद्याला.

"एक बोलायचं होतं. वडिलांना पाठवणार होतो… मागणी घालायला."

देवकानं मोगऱ्याची फांदी हातात धरली. सोडली नाही. "होतो म्हणजे?"

"आता नाही पाठवत. आक्काबाईंनी सांगितलं मला बठ्ठं, सगळं. तुम्ही इथून निघालात की इथं केळी लागेल. ही बाग मोडून माझं घर उभं करायचं… तसा संसार मला गोड लागणार नाही, देवका."

पहिल्यांदाच नावानं हाक. तिनं धरलेली फांदी हलकेच वाकवून पाहिली. मग विचारलं, "तुमच्या घरामागं जागा हाये?"

"आहे की. जुन्या टायरांचा ढीग पडलाय तिथं."

"माती?"

"काळी. हातभर खाली मुरूम. का?"

"पाणी?"

"आड आहे. पण तुम्ही हे काय…"

देवका उत्तर न देता खाली बसली. मोगऱ्याची एक लांब फांदी तिनं जमिनीकडे वाकवली, मधोमध नखानं जराशी साल खरवडली, तेवढा भाग खड्ड्यात दाबला, वर माती लोटली. शेंडा बाहेर राहिला, हिरवागार. वर एक दगड ठेवला.

"झाडापासून आत्ता तोडायची नाही," ती म्हणाली. "मातीत अशी दाबून ठेवायची. तिची तिले मुळं फुटली, का मंग तोडून पाहिजे तिथं न्यायची. गुलछडीचे तं कांदेच असतात, पिशवीत येतात. नाना केळी लावतीन तं लावोत."

वाल्मीक बघतच राहिला. "मुळं… कधी फुटतात?"

"पाऊसपाण्यात. श्रावणापर्यंत."

"आणि तोवर मी काय करू?"

"टायर हलवा." तिनं वर पाहिलं, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. "अन् वडिलांना श्रावणापर्यंत थांबवू नका."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला, पाठोपाठ महाराजांची हाक. वाल्मीक निघाला, चार पावलं जाऊन परत फिरला. बांधावरचा एक जड दगड उचलून त्यानं तिच्या दगडाशेजारी ठेवला, फांदी वर उचलली जाऊ नये म्हणून, आणि मग धावत सुटला.