पुढची रांग

आईचा निरोप साधाच होता. थंडी वाढलीय, जाड रजई आणून दे. आणि येताना गाडीत तांदळाचं एक पोतं टाक. प्रार्थनाघरात फुकटचं खाऊन किती दिवस राहायचं?

गिल्सू कोबीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. मंडईत माल उतरवून तो दुपारी घरी आला, कपाटातून रजई ओढून काढली आणि पाणी प्यायला फ्रिज उघडला. फ्रिजच्या दारात मीरानच्या इन्शुलिनच्या बाटल्या उभ्या होत्या. सगळ्या सीलबंद. शेजारी सुयांचं पाकीट, तेही न फोडलेलं.

तो तसाच दार धरून उभा राहिला.

मीरान त्याची धाकटी बहीण, सोळा वर्षांची. शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं होतं की साखर तिच्या अंगात जिरत नाही. रोज सुई, आणि तीही जन्मभर. पोरीनं त्याचं अवडंबर केलं नाही. दात घासावेत तशी सकाळ-संध्याकाळ मांडीत सुई टोचायची आणि दप्तर उचलायची. या आठवड्याच्या सुरुवातीला आई तिला घेऊन डोंगरावर उपास-प्रार्थनेला गेली होती. पोरगी तिकडे होती आणि बाटल्या इथं.

गिल्सूनं एक बाटली आणि एक सुई खिशात घातली, रजई काखेत मारली. तांदळाचं पोतं तो घ्यायचं विसरला.

तेबेकच्या त्या डोंगरात पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. त्याचा बाप तिथंच झिजला. खाणी बंद पडल्या, माणसं पोटामागं निघून गेली, आणि कामगारांच्या रिकाम्या जेवणघरात प्रार्थनेनं रोग बरे करणाऱ्या प्यो बाईंनी प्रार्थनाघर मांडलं. तिथं बर्फ पडला तरी पांढरा राहत नाही. कोळशाची जुनी भुकटी वाऱ्यानं उडून त्याच्यावर बसते आणि सगळा डोंगर राखेसारखा दिसतो. त्या दिवशी त्यात धुकं उतरलेलं. चार वाजायच्या आत दिवे लावायची वेळ झाली होती, पण दिवा कुठंच नव्हता.

अंगणात कोणी दिसेना. आतून मात्र बोलण्याचा आवाज येत होता. गिल्सूनं बूट काढले आणि जेवणघराचं दार सरकवलं.

आधी आला तो वास. पिकून मऊ पडलेल्या सफरचंदांचा, गोड, घशाशी येणारा. त्या वासाखाली विझलेल्या शेगडीचा धूर. मग अंधाराला डोळे सरावले. लांबच्या लांब जमीन, तिच्यावर ओळीनं मांडलेली आसनं. मागची सगळी निळी, आणि पुढची एकच रांग पांढऱ्या खोळींची. सगळी आसनं रिकामी होती, आणि आवाज पुढच्या रांगेतून येत होता.

"...माझं यकृत बरं झालं. प्रभूनं केलं..."

पुरुषाचा आवाज, दमलेला. तो थांबला, की शेजारून बाईचा.

"...माझ्या छातीतली गाठ विरघळली. मी बरी झाले..."

आणि मग अगदी लहान मुलाचा, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

"...माझा ताप उतरला... मी बरा झालो..."

गिल्सूच्या पायांखालची फरशी बर्फासारखी गार होती. टेप लावली असेल, तो मनाशी म्हणाला. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दचकून वळला.

प्रार्थनाघराच्या मंडळीतले वडीलधारे, मेंग. पूर्वी खाणीत मुकादम होते. गिल्सूच्या बापाला खोकल्याची उबळ आली की 'नाटकं बंद कर' म्हणणारे हेच. आता कोटाच्या खिशात पवित्र शास्त्र आणि तोंडभर आशीर्वाद.

"आलास का, बाळा? ये, ये."

"काका, ही टेप कसली?"

"टेप?" मेंग हसले. "वीज गेलीय सकाळपासून. टेप कशावर लावू, तुझ्या डोक्यावर?"

"मग बोलतंय कोण?"

मेंगनी हळूच दार लोटून घेतलं. निजलेलं मूल उठू नये तसं. "पुढच्या रांगेतली माणसं. ज्यांनी साक्ष दिली, ती."

"पण तिथं कोणी नाही."

"घरी गेली असतील," मेंग म्हणाले. पण बोलताना त्यांची नजर जेवणघरामागच्या उताराकडे गेली. तिथं बर्फात बारके बारके उंचवटे दिसत होते.

आई मागच्या खोलीत सापडली. मीरान कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. श्वास खोल, घाईचा, डोंगर चढून आल्यासारखा. ओठ सोललेले, डोळे आत गेलेले. गिल्सू काखेतली रजई तिच्या अंगावर टाकायला वाकला आणि त्याला तोच वास आला. सडक्या सफरचंदांचा. पहिल्यांदा शाळेतून दवाखान्यात नेली तेव्हाही तिच्या तोंडाला हाच वास होता, आणि डॉक्टर म्हणाले होते, हा वास आला की क्षणभरही थांबू नका.

"दादा," ती म्हणाली. "आज माझी साक्ष आहे."

"कसली साक्ष? ऊठ. गाडीत बस."

"बरी झाल्याची."

"बरी झालीस? आरशात बघितलंस का स्वतःला?"

"तू दृष्ट लावू नकोस तिला," आई म्हणाली. "वास येतोय ना तुला? पवित्र आत्म्याचा सुगंध आहे तो. परवापासून दरवळतोय. प्यो बाई म्हणाल्या, क्वचित कुणाला लाभतो."

गिल्सूला हसावं की थोबाडीत मारून घ्यावी, कळेना. "आई, ही मरायला टेकलीय. त्याचा वास आहे हा."

"तुझ्या बापाला नेलं होतं ना दवाखान्यात? नळ्या घातल्या, भोकं पाडली. आणि परत दिलं ते काय दिलं?"

"बाबांना खाणीनं मारलं. दवाखान्यात फक्त शेवटचा श्वास गेला."

"शाळा अर्धी टाकून पळालास आणि मला डॉक्टरकी शिकवतोस?"

"गाडी चालवतो. पेट्रोल संपलं की गाडी थांबते, एवढं कळायला शाळा लागत नाही."

त्यानं खिशातून बाटली काढली. मीराननं तिच्याकडे पाहिलं. तिचा हात आपोआप पुढे आला, सवयीनं, आणि अर्ध्यात थांबला.

"दादा, प्यो बाई म्हणतात, आता सुई घेतली तर देव खोटा ठरेल."

"ठरू दे. त्याला चालतं."

आईनं बाटली त्याच्या हातातून अलगद घेतली. ती रागावलीसुद्धा नाही. उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर तिनं ती ठेवली, बुटात पाय सरकवला आणि टाचेखाली चिरडली. झुरळ चिरडावं तशी, दुसरीकडे बघत.

"आता विश्वास ठेव," ती म्हणाली.

गिल्सू मीरानला उचलायला वाकला, तोच मेंग आणि आणखी दोघे आत आले. त्यांनी त्याचे हात धरले. प्रेमानं धरले. डोंगरावर सगळंच प्रेमानं होतं. "सभेला चल, बाळा. बहिणीचा मोठा दिवस आहे."

मेणबत्त्या लागल्या. पन्नासेक माणसं निळ्या आसनांवर बसली. कुणी काठी टाकून आलेलं, कुणी गोळ्या. पांढऱ्या रांगेत कोणीच बसलं नाही. प्यो बाई आल्या. गोऱ्या, गुबगुबीत, आवाज लोण्यासारखा. अख्ख्या जगाचे डोळे बरे करणाऱ्या प्यो बाईंच्या स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा होता.

"आधी तो चष्मा काढा की!" गिल्सू ओरडला. "बघा ना विश्वासानं!"

कोणी हसलं नाही. प्यो बाईंनी फक्त हात वर केला, आणि पन्नास गळ्यांनी एकदम तीनदा हाक मारली: "प्रभू! प्रभू! प्रभू!" मग सगळे एकाच वेळी मोठमोठ्यानं आपापली प्रार्थना करू लागले. कुणी छाती पिटतंय, कुणी रडतंय, कुणाची जीभ भलत्याच भाषेत वळतेय. गिल्सूच्या शिव्या त्यात बुडून गेल्या. दोन बायकांनी मीरानला रजईसकट बगलेत धरून पुढे नेलं आणि पांढऱ्या आसनावर बसवलं. आसन आधीच थोडं दबलेलं होतं. कोणीतरी सरकून जागा करून दिल्यासारखं.

प्यो बाईंचा हात खाली आला. सगळं एकदम चिडीचूप झालं.

"बोल, पोरी. देवानं काय केलं?"

मीराननं मान वळवली. सगळ्या मंडळीतून ती एका चेहऱ्याला शोधत होती, आणि तो गिल्सूचा नव्हता. आईकडे बघितलं तिनं. आईनं हसून मान डोलावली.

"मला साखरेचा आजार होता," मीरान म्हणाली. प्रत्येक शब्दाआधी एक खोल श्वास. "प्रभूनं... मला बरं केलं. मी... बरी झाले."

"आमेन," पुढची रांग म्हणाली.

मागच्या पन्नास जणांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. गिल्सूनं नीट पाहिलं, मेणबत्त्यांचा उजेड पुरेसा होता. मीरानच्या दोन्ही बाजूंची पांढरी आसनं रिकामी होती, आणि आमेन तिथूनच आला होता. तो दमलेला पुरुष, ती बाई, ते लहान मूल, आणि त्यांच्यापाठोपाठ आणखी कितीतरी.

त्यानं हिसडा मारला. आश्चर्य म्हणजे धरणाऱ्यांचे हात लगेच सुटले. तो धावत पुढे गेला, त्यानं मीरानला रजईत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. कोणी आडवं आलं नाही. मेंगनी तर स्वतः दार सरकवून धरलं.

"ने, बाळा, ने," प्यो बाई शांतपणे म्हणाल्या. "साक्ष झालीय. तिनं जे द्यायचं, ते देऊन झालंय."

आईसुद्धा उठली नाही. ती पांढऱ्या आसनाकडेच बघत होती, डोळे भरून, मुलगी अजून तिथंच बसल्यासारखी.

उताराच्या रस्त्यावर गाडी दोनदा घसरली. तो वास गाडीत इतका कोंडला की गिल्सूनं बर्फाच्या वाऱ्यात काचा खाली केल्या. "मीरान, बोल माझ्याशी. झोपायचं नाही. शिव्या दे मला, पण बोल." तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. गाडीच्या घरघरीत ऐकू येत नसेल, असं त्यानं मनाला समजावलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गावातल्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक श्वास घेतला आणि काय ते ओळखलं. सलाइन, सुया, धावपळ. पडद्यामागून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा संतापानं लाल झाला होता.

"हिची सुई बंद कुणी केली?"

"मोठ्यांनी," गिल्सू म्हणाला. "आमच्यात मोठे ठरवतात."

मीरान वाचली. श्वास संथ झाला, वास गेला, गालांवर रंग आला. ती उठून बसायला लागली, पेज खायला लागली, सुई स्वतःच्या हातानं टोचायला लागली. बोलत मात्र नव्हती. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. सगळं ठीक होतं. "धक्का बसलाय," ते म्हणाले. "येईल आवाज."

गिल्सूनं ठरवलं होतं, आईला फोन करायचा नाही. पण मीरान रोज दाराकडे बघत बसायची. शेवटी त्यानं तिला चाकाच्या खुर्चीवरून व्हरांड्यातल्या फोनपाशी नेलं आणि डोंगरावरचा नंबर फिरवला. दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होतं, पलीकडे कोणीतरी नर्सशी हुज्जत घालत होतं. मेंगनी फोन घेतला, आईला हाक मारली.

"आई, मीरान वाचली. ये खाली. वाट बघते तुझी."

"कोण वाट बघते?" आईचा आवाज फार आनंदात होता. इतका आनंद त्यानं बाप गेल्यापासून ऐकला नव्हता. "मीरान तर इथं आहे. रोज साक्ष देते. किती गोड बोलते रे!"

"आई... ती माझ्याजवळ बसलीय. माझ्या हातात तिचा हात आहे."

"मग ते काय उचलून नेलंस, ते तूच बघ. सुया टोचून जगतंय ना? माझी मुलगी बरी झालीय."

गिल्सूच्या तोंडात शिवी आली. ती गिळून त्यानं रिसीव्हर मीरानच्या कानाला लावला आणि स्वतःचा कान त्याला भिडवला. "घे, बोल. हाक मार तिला. तुझा आवाज ऐकला की येईल ती."

मीरानचे ओठ थरथरले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड उघडलं, मिटलं. व्हरांड्यात काहीच ऐकू आलं नाही.

"आई," रिसीव्हरमधून आलं. मीरानचा आवाज. स्वच्छ, जवळचा.

"काय गं, राणी?" पलीकडे आई म्हणाली. तिनं तोंड फोनपासून दूर वळवलं होतं, खोलीतल्या कुणाशी तरी बोलावं तसं.

मीराननं गिल्सूकडे पाहिलं. मग दोन्ही तळहात तिनं स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरले, नखं गालांत रुतेपर्यंत. ओठ हलणं शक्यच नव्हतं.

"मला साखरेचा आजार होता," रिसीव्हरमधला आवाज बोलतच राहिला. "प्रभूनं मला बरं केलं..."